पाखरूमामा आणि भरली कळशी

चालणारी कुठलीही गोष्ट दिसली की पाखरूमामा आधी एकच विचारायचा, ‘हिले थांबाले येस का?’ म्हणजे हिला थांबायला येतं का? मग ती बैलगाडी असो, नवी सायकल असो, नाहीतर बोलायला लागलेली माझी आजी असो. आजीच्या बाबतीत उत्तर सगळ्या रनाळे गावाला माहीत होतं. तरी तो डोळे मिटून गंभीरपणे विचारायचा, आणि आजी हातातली पळी त्याच्यावर उगारायची.

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. आई मी रांगत असतानाच गेली, म्हणून मी आजोळीच वाढले. आईच्या वडलांना आम्ही आबा म्हणायचो आणि आजीला मोठी माय. मामाला आबांनी वकील व्हायला मुंबईला धाडलं होतं. तो परत आला तो काळा कोट न आणता कानांवर झापडं असलेली कातडी टोपी घेऊन. वकिलीच्या नावाखाली हा गृहस्थ विमान चालवायला शिकून आला होता! आबांनी टोपी उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, “हाई टोपी घालीसन कोर्टमा उभा ऱ्हाशी का रे?”

“आबा, कोर्टमा नही. आभायमा.”

त्या दिवशी गावाने त्याला पाखरूमामा केलं. माझा मामा होता तो, पण बघता बघता अख्ख्या गावाचा झाला. मला ते मुळीच आवडलं नाही. तेव्हा माझं वय बारा-तेरा, वेणी लांब आणि अक्कल आखूड. पाय बगळ्यासारखे काटकुळे होते, म्हणून मामा मला बगळी म्हणायचा. आरशासमोर उभी राहून मी मान उंच करून बघायचे. बगळा हा फार देखणा पक्षी आहे, अशी माझी पक्की समजूत होती.

मामाला विमान हवं होतं ते मिरवायला नव्हे. मोलगीच्या वरच्या अंगाला डोंगरात एक माळ होता, तिथे त्याला उतरायचं होतं. मामा तान्हा असताना मोठी माय तापाने अंथरुणाला खिळली होती. तेव्हा कापूस वेचायला सातपुड्यातून आलेल्या एका बाईने आपल्या तान्ह्या दामजाबरोबर मामालाही अंगावर पाजलं. दामजा आणि मामा असे एका दुधाचे भाऊ. ती मंडळी डोंगरातल्या बोलीत आईला याहा म्हणतात, म्हणून मामाही तिला याहाच म्हणे. दर हिवाळ्यात ती वेचणीला उतरायची, मामाच्या गालाला हात लावायची आणि मग कामाला लागायची. पुढे तिचे गुडघे गेले. दामजा एकटाच येऊ लागला. एके वर्षी तो मामाला म्हणाला, “याहा म्हनस, मी तं आते उतराव नही. तूच वर ये.”

मामा पायी जाऊन आला होता. पण त्याच्या मनात एक चित्र होतं. याहा झोपडीच्या दारात बसली आहे, आणि तिच्यासमोरच्या माळावर आपण आकाशातून उतरतो आहोत. “बगळे,” तो मला म्हणायचा, “मी जेव्हढा व्हतू ना, तव्हढाले तिनी उचलं. आते तिले मी उचलीसन नेसू. तळोदा दाखाडसू, तापी दाखाडसू, वरथून.”

पण आधी विमान निवडायचं होतं. त्याने मुंबईहून विमानांची चित्रं आणली होती. ती कापसाच्या वखारीत भिंतीला चिकटवली होती, आणि वेचणीच्या बाया ती बघून ‘हाऊ कोनता देव?’ म्हणून विचारायच्या. त्यात एक चांदीसारखं चकचकीत होतं. एकाच पंखाचं, काचेचं बंद दार, आत गादी. दुसरं कापडी, दोन मजली पंखांचं, वर उघडं, जुनं. पुढच्या खड्ड्यात बसणारा एक, मागच्यात चालवणारा एक. मामाने विचारलं, “बगळे, कोनतं लेऊत?”

“चांदीचं!” मी म्हटलं. “त्यात वेणी विसकटायची नाही.”

मामाने माझ्या वेणीकडे आदराने पाहिलं. “येनीनं खरं शे,” तो म्हणाला, “पन हाई चांदीनी बया भलती तोऱ्यानी. तिले उतराले मैदान लागी मुंबईनं. आपलं वावर देखीसन ती नाक मुरडी आनि पुढे निंघी जाई.” मी फुरंगटले. गादीवर बसून, काचेतून खालच्या रनाळ्याकडे बघून मी हात हलवते आहे, असा मी आधीच सराव केला होता.

निवड पक्की झाली ती सारंगखेड्याच्या घोड्यांच्या जत्रेत, आणि तीही आबांमुळे. आबांना घोडं घ्यायचं होतं. व्यापारी घोडं दौडवून दाखवायला लागला. धुरळा उडाला, लोक वाहवा म्हणू लागले. आबा मान हलवत म्हणाले, “पयाडू नको रे. पयाले तं बठ्ठासले येस. थांबाडी दाखाड.” पळायला सगळ्यांनाच येतं, आबांना थांबणं बघायचं होतं. स्वाराने लगाम खेचला. एक घोडं चार ठिकाणी पाय फेकत, मान वाकडी करत थांबलं. दुसरं दिसायला साधं, पोट जरा सुटलेलं. पण ते चार पावलांत मऊपणे थांबलं, आणि स्वाराच्या पागोट्याचा शेवही हलला नाही. आबांनी ते घेतलं. मामा बाजूला उभा राहून घोड्याकडे नाही, आबांकडे बघत होता. परतताना गाडीत तो मला म्हणाला, “कापडनंच लेऊत.” म्हणजे ज्या प्रश्नाने त्याने सगळं गाव पुढे बेजार केलं, तो प्रश्न मुळात आबांचा. मामाने तो उचलला आणि स्वतःचा म्हणून फिरवला.

मग त्याला त्या जुन्या विमानाचे गुणच गुण दिसू लागले. ते हळू उडतं, म्हणजे हळू उतरतं. पंख मागे दुमडतात, म्हणजे कापसाच्या वखारीत मावतं. अंग लाकडाचं आणि कापडाचं, म्हणजे मोडलं तर गावचा सुतार आहे आणि फाटलं तर शिंपी. आणि सगळ्यात मोठा गुण म्हणजे त्याला शेपटाखाली चाक नव्हतं, लोखंडी आकडा होता. उतरताना तो जमिनीत रुतून ओढला जातो आणि विमान थांबतं. हे ऐकून आबा पहिल्यांदा हुक्क्यावरून वर बघत म्हणाले, “म्हंजे शेपटीले फाळ शे?”

“हो आबा.”

“हं.” आबांचा ‘हं’ म्हणजे दुसऱ्या माणसाचं भाषण.

पण विमान घेऊन उतरवायचं कुठे? गावाबाहेर आमचं चिंचेचं वावर होतं. एका अंगाला रस्ता, दुसऱ्या अंगाला आबांच्या आजोबांनी लावलेली चिंच. मधली जमीन सपाट पण तोकडी. मामाने तिथे विमान उतरवायला पट्टी मागितली, आबांनी नाही म्हटलं. मोठी माय रडली, आबांनी तरी नाही म्हटलं. मामाने आपल्या वाटणीचं तापीकाठचं वावर विमानाच्या पैशासाठी विकलं, तेव्हा आबा दोन दिवस जेवले नाहीत. मग एका सकाळी स्वतःच म्हणाले, “चिंच तोडाव नही. मी चिंचखाले उभा ऱ्हासू. तुन्हं पाखरू मन्हापावत उनं, तं त्याले परत धाडी देवानं. थांबनं, तं पट्टी तुन्ही.”

मामा हसला, पण त्याचा चेहरा उतरलेला मी पाहिला. वावर गेलं होतं. आता विमानही परत गेलं तर डोंगरातली याहा दारातच बसून राहणार होती.

कापूस वेचून झाल्यावर पट्टीचं काम सुरू झालं. पट्टी तपासायची मामाची रीत अशी. पाण्याने काठोकाठ भरलेली कळशी मांडीवर घेऊन मी बैलगाडीत बसायचं, आणि आबांचे खिल्लारी दुडक्या चालीने या टोकापासून त्या टोकापर्यंत हाकायचे. जिथे पाणी सांडलं तिथे गाडी थांबवायची, दगड वेचायचे, खळगा बुजवायचा, कळशी परत भरायची. पाणी न सांडता गाडी पार गेली की पट्टी झाली. पहिल्या दिवशी मी विहिरीत पडल्यासारखी भिजले. येणारेजाणारे थांबून विचारत, “पोरीनी काय गुन्हा करा?” मी मात्र छाती काढून बसले होते. मी विमानाच्या कामावर होते! ओलं परकर-पोलकं हा माझा गणवेश होता.

त्याच दिवसांत मी जेवण कमी केलं. मामाने सांगितलं होतं की आपल्याकडच्या उन्हात हवा ताकासारखी पातळ होते आणि तिच्यावर विमान नीट तरंगत नाही. म्हणून सकाळी गारव्यात उडायचं आणि ओझं कमी घ्यायचं. पुढची जागा मला कबूल झाली होती. मोलगीचा माळ एकदा एकट्याने बघून आला की दुसऱ्या खेपेला मी. मग काय, मी पुरणपोळीला नाही म्हणू लागले. आजोळच्या खापरावरच्या मांड्याला नाही म्हणणारी पोर खानदेशात आजवर जन्मली नसेल. मोठी माय घाबरली. तिने माझी दृष्ट काढली, दंडाला काळा दोरा बांधला. त्यानेही जमेना तेव्हा मामाने मला कापसाच्या काट्यावर बसवलं आणि काटा न बघताच जाहीर केलं, “पाखरूले हाई चालस. आते जेव.” त्या दिवशी मी इतके मांडे खाल्ले की विमानाने मला ओळखलं नसतं.

विमान यायचा दिवस ठरला आणि गावाने स्वागताची तयारी केली. आमच्याकडे पाहुणा येणार म्हटलं की कमान उभारायचीच. कलेक्टर येवो नाहीतर नवरदेव. तेव्हा विमानासाठीही उभारली. पट्टीच्या रस्त्याकडच्या टोकाला केळीचे खांब, वर बांबू, आंब्याच्या पानांचं तोरण, मधे पळसाच्या फुलांची झुंबरं. तोरण आणखी उंच बांधा, सगळ्यांना दिसलं पाहिजे, म्हणून ओरडणाऱ्यांत सगळ्यात बारीक आवाज कोणाचा होता ते सांगत नाही. पाहुणा वरून, त्याच टोकाकडून येणार, हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही. आमचे पाहुणे तोवर कमानीखालूनच येत आले होते.

आबा पांढरंशुभ्र धोतर नेसून चिंचेखाली उभे राहिले. काठी दोन्ही हातांनी पुढे रोवलेली. सकाळची उन्हं नुकती पसरली होती. आधी आवाज आला, भरडणाऱ्या जात्यासारखा. मग ते दिसलं. पिवळसर पंखांचं, वाऱ्यावर किंचित डुलणारं, अगदी घाई नसलेलं. आमच्यावरून त्याने एक फेरी मारली. मामाने कमान पाहिली असणार. तो हात हलवून काहीतरी सांगत होता आणि आम्ही खालून जोरजोरात हात हलवून त्याला उत्तर देत होतो.

तो वळला आणि खाली आला. कमान आडवी आल्यामुळे त्याला उंचावरून यावं लागलं, आणि तोकडी पट्टी आणखी तोकडी झाली. चाकं तोरणात अडकली, फट् आवाज झाला, पळसाची फुलं उडाली. पलीकडे विमान धप्पकन टेकलं आणि धावत सुटलं. सरळ आबांकडे. मोठ्या मायने पदर डोळ्यांवर घेतला. आबा हलले नाहीत. पंखा गरगरतोय, मागे तोरण फरफटतंय, शेपटीखाली धूळ उसळतेय, आणि समोर माझे आबा, जसं काही गोठ्यात शिरणारं वासरू अडवायला उभे आहेत. मी ओरडले, पण माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

ते थांबलं. अगदी मऊपणे. आबा आणि विमान यांच्यात एक बैल आडवा उभा राहील एवढंच अंतर होतं.

मामा खाली उतरला. आबा त्याच्याकडे गेले नाहीत. विमानाला वळसा घालून ते मागे गेले, वाकले, आकड्याने पाडलेली रेघ बोटांनी चाचपली. मातीचा रवा चोळून पाहिला. “नांगरट चांगली शे,” ते म्हणाले. मग काठीने जमिनीवर टकटक केलं. “थांबाले येस. पट्टी तुन्ही.” मोठी माय कुंकवाचा करंडा घेऊन विमानाच्या नाकाकडे धावली आणि मामाने तिला दोन्ही हातांनी मागे ओढलं. “माय, थांब! पंखा फिरी ऱ्हायना!” तिला थांबायला येत नाही हे त्या दिवशी पुन्हा सिद्ध झालं.

मोलगीच्या माळावर तो त्याच आठवड्यात जाऊन आला. दामजाने गवत जाळून माळ मोकळा केला होता आणि ओल्या पाल्याचा धूर केला होता, वारा कुठला ते वरून कळावं म्हणून. माळ चढाचा. मामा चढावर उतरला, म्हणजे थांबायला माळच मदत करतो. निघताना उतारावरून निघाला. दामजा पुढे गावी आला तेव्हा त्याच्याकडून आम्ही सगळं ऐकलं. मामा खाली उतरल्यावर याहाने आधी त्याच्या गालाला हात लावला. मग विमानाच्या पंखालाही लावला, आणि म्हणाली, हे पोर फार तापलंय, याला सावलीत घ्या. वर बसायला मात्र तिने साफ नकार दिला. “तुले उचलं ते पुरे,” म्हणाली. मामाने तळोदा आणि तापी तिला दाखवली ती दारात बसून, हातवाऱ्यांनी. येताना तिने त्याला मोहाच्या फुलांचं गाठोडं दिलं. ते पुढच्या जागेवर, माझ्या जागेवर बसून आलं. मला त्या गाठोड्याचा जो मत्सर वाटला, तो पुढे कुठल्या बाईचाही वाटला नाही.

मग माझी पाळी. पण आधी मोठी माय आजारी पडली, मग ऊन चढलं, मग पावसाने पट्टीचा चिखल केला. मामा म्हणाला, वेचणी होऊ दे. आणि वेचणीच्या आतच लढाई सुरू झाली. सरकारने लोकांची खासगी विमानं मागून घेतली. मामाला विमान तेवढं देऊन मोकळं होता आलं असतं. पण तो म्हणाला, “दुसरं कोन्ही हिले थांबाडाव नही,” आणि विमानाबरोबर स्वतःही गेला. त्याला सगळ्यांनी समजावलं. एकदा निघाल्यावर त्याला थांबायला येत नव्हतं. त्याचं वेड थांबण्याचं, पण ते दुसऱ्यांसाठी.

निघायच्या सकाळी त्याने मला उचलून पुढच्या जागेवर बसवलं. आत कापडाचा, तेलाचा आणि थोडा मोहाचाही वास होता. मी दोन्ही हातांनी कड धरली. वेणी मानेभोवती घट्ट गुंडाळून घेतली, विसकटू नये म्हणून. समोर पट्टी आणि पट्टीच्या टोकाला चिंच. क्षणभर मला खरंच वाटलं की तो मागे बसेल आणि आम्ही निघू. त्याने मला परत उचलून खाली ठेवलं. “वजन वाढी गयं बगळे तुन्हं,” म्हणाला. ते खोटं होतं. मग त्याच जागेवर त्याने आपली पत्र्याची पेटी ठेवली, पट्ट्याने बांधली आणि म्हणाला, “हाई जागा तुन्हीच. पेटी फक्त राखाले बठाडी.”

विमान चिंचेवरून वर गेलं. आबांनी मान वर केली नाही. ते खाली बघत होते, शेपटीने पाडलेल्या रेघेकडे. पुढे पाऊस येऊन ती रेघ पुसली जाईपर्यंत त्यांनी तिच्यावरून बैल जाऊ दिले नाहीत.

मामा पूर्वेकडच्या लढाईवर गेला. एके दिवशी तार आली की तो सापडत नाही. मोठी माय भिंतीला टेकून बसली ती दिवस मावळल्यावरच उठली. आबांनी तार दोनदा वाचून घेतली आणि म्हणाले, “सापडना नही, म्हंजे मरना नही.”

पट्टी त्यांनी पेरली नाही. दोन्ही अंगांनी कापूस उभा राहायचा आणि मधून ती मोकळी, भांगासारखी. वेचणी झाली की आबा गाडी जुंपायला सांगायचे. मी लग्न होऊन नंदुरबारला गेले होते. तरी मला बोलावणं यायचं. मी पोटुशी होते त्या वर्षीही गेले. मांडीवर जागा नव्हती, म्हणून कळशी बाजूला धरून बसले. कळशीचं पाणी हिंदकळून सांडलं की आबा काठी उचलायचे, गाडी थांबायची, आणि ते गड्यांना म्हणायचे, “दगड येचा रे. पोऱ्या यी तं कोठे उतरी?” कोणी हसत नसे. दामजा वेचणीला आला की ओसरीवर बसून तेवढंच सांगायचा, “माळ साफ शे, आबा.” याहा गेली त्याही वर्षी त्याने तेच सांगितलं.

आबा गेल्यावर पट्टी नांगरली गेली. मीच म्हटलं, नांगरा. जमिनीने किती दिवस वाट पाहायची?

आता मी म्हातारी. परवा नातवाने मला हट्टाने विमानात बसवलं, अगदी चांदीच्या, गादीच्या, काचेच्या. जे मी तेव्हा मागितलं होतं तेच. वेणी विसकटली नाही, पण वेणी राहिलीय कुठे? उतरायची वेळ आली तेव्हा विमानात पाणी देणाऱ्या गोड पोरीने माझ्या हातातला पाण्याचा पेला मागितला. मी दिला नाही. काठोकाठ भरलेला पेला मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसले. नातू कानाशी म्हणाला, “आजी, अगं लोक बघताहेत.” बघू देत. मला लोकांनी भिजलेलं पाहायची सवय आहे.

चाकं टेकली आणि विमान नुसतं धावतच सुटलं. संपेचना. पाणी आधी काठावरून ओघळलं, मग अर्धा पेला लुगड्यावर. मी खिडकीतून त्या लांबच लांब काळ्या पट्टीकडे बघत होते. तोंडातून निघून गेलं, “दगड येचा रे. पोऱ्या यी तं कोठे उतरी?”

नातवाने रुमाल काढून माझी मांडी टिपली. “कोण यायचंय, आजी?” त्याने विचारलं.